नाळ कापण्याआधी एक मिनिट

बहिणींनो, बाळ जन्मले की घरच्यांना घाई होते, कधी हातात घेतो आणि कधी कानात अजान देतो! पण नाळ कापायची घाई नको. जन्मानंतरही थोडा वेळ वारेतले रक्त नाळेतून बाळाला मिळत असते.

लोहाचा बराचसा साठा बाळाला पोटात शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा हा साठा अपुरा राहतो. त्याला ॲनिमिया लवकर गाठतो, कधी रक्तही चढवावे लागते. म्हणून नाळेतले रक्त त्याला फार मोलाचे. जागतिक आरोग्य संघटना किमान १ मिनिट थांबायला सांगते. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात ३ मिनिटे सांगितली आहेत. बाळ श्वास घेत नसेल, तर मात्र निर्णय डॉक्टरांचा.

बाळंतपण गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात असो की गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, तपासणीच्या वेळीच विचारून ठेवा, “नाळ कापायला थोडं थांबता ना?” घरात सासूबाईंनाही सांगून ठेवा. अजान त्यानंतर निवांतपणे देता येते. पुढे लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हाच, तेवढेच द्या.