डेकापॉड : एका युक्तिवादासाठी घडवलेले इंजिन

लंडनच्या उपनगरी वाफेच्या इंजिनांविषयी लिहिताना ‘डेकापॉड’ची संभावना बहुधा ‘फसलेला प्रयोग’ अशी होते. मला हा निवाडा मान्य नाही.

पार्श्वभूमी पाहा. १८६४ च्या कायद्याने ग्रेट ईस्टर्न रेल्वेवर एडमंटन आणि वॉल्थमस्टो येथील कामगारांना २ पेन्समध्ये जाण्यायेण्याची सोय करण्याचे बंधन घातले. या स्वस्त तिकिटावर ईशान्य लंडनची वस्ती वाढत गेली आणि लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात गाड्या मावेनाशा झाल्या. अशातच एका प्रतिस्पर्धी विद्युत रेल्वेचा प्रस्ताव पार्लमेंटपुढे आला. ३० सेकंदांत ताशी ३० मैलांचा वेग विजेलाच शक्य आहे, हा तिच्या बाजूचा मुख्य मुद्दा.

जेम्स होल्डन यांनी १९०२ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या कारखान्यातून उत्तर दिले : तीन सिलिंडर, एकमेकांना जोडलेली दहा चाके, आणि वेगळा टेंडर न जोडता कोळसा-पाणी अंगावरच वाहणारे टँक इंजिन. ३०० टनांहून जड गाडी ओढत त्याने ते उद्दिष्ट जवळपास गाठले. प्रस्ताव बारगळला. इंजिन मात्र इतके जड, की त्यासाठी पूल बळकट करावे लागले असते. कंपनीने ते केले नाहीत. १९०६ मध्ये त्याचे मालगाडीच्या इंजिनात रूपांतर झाले, १९१३ मध्ये ते भंगारात गेले. ज्या कामासाठी ते घडवले ते त्याने चोख बजावले. ते काम प्रवासी वाहण्याचे नव्हतेच.

खरे उत्तर १९२० मध्ये आले, तेही जुन्याच इंजिनांनी. सिग्नल आणि रुळांची मांडणी बदलली. फलाटाच्या टोकाशी दुसरे इंजिन तयारच उभे असे. गाडी आली की ते मागून जोडायचे आणि काही मिनिटांत गाडी परत निघायची. गर्दीच्या वेळी तासाला २४ गाड्या! डब्यांवरच्या रंगीत पट्ट्यांमुळे लोकांनी या सेवेला ‘जॅझ’ म्हटले. ओढणारी बहुतेक इंजिने होल्डन यांच्याच काळातील, सहा चाकांची, चिमुकली. ए. जे. हिल यांचे १९१५ चे दणकट टँक इंजिन (पुढे एन-७) संख्येने वाढले ते नंतर.

इंजिनप्रेमी या पर्वाला वाफेचा विजय म्हणतात. मी त्याला काटकसरीचा विजय म्हणेन, आणि त्याची किंमत धुरात उभ्या प्रवाशांनी मोजली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली. चिंगफर्डच्या प्रवाशाला ती मिळाली १९६० मध्ये.