रंगाखालचा गंज

मारुती ८०० चे उत्पादन १९८३ साली सुरू झाले आणि २०१४ च्या जानेवारीत थांबले. तरीही विठ्ठलवाडीसारख्या वस्तीतील व्यापारी घरांत ती अद्याप आढळते. वडिलांनी पेढीच्या उमेदीच्या काळात घेतलेली, अरुंद गल्लीत सहज वळणारी ही गाडी मोडीत घालण्यास मन धजत नाही. इंजिन कुरकुरत नाही, रंग बरा आहे. मग चिंता कशाची? चिंतेचे स्थान खाली, दृष्टीआड असते.

ट्रकप्रमाणे या गाडीस स्वतंत्र चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ रनिंग बोर्ड, पुढील क्रॉस मेंबर, चाकांवरील एप्रन हे सारे एकमेकांस जोडून तिचा सांगाडा होतो, आणि त्यातील बहुतेक पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो.

विठ्ठलवाडीलगत वालधुनी वाहते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास व वालधुनी यांच्या पाण्याने कल्याण परिसर जलमय झाला. बुडालेल्या गाड्यांची आसने धुऊन वाळविता आली. रनिंग बोर्डाच्या पोकळीत बसलेला गाळ मात्र सहजी निघत नाही आणि तो वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो. पुरात न सापडलेल्या गाडीसही दर पावसाळा पुरेसा होतो: गालिच्याखाली मुरलेले पाणी, बुजलेली निचऱ्याची छिद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगला की स्पॉट वेल्डिंगचे टाके उकलू लागतात. पंक्चर काढताना जॅकची जागा आत दबली, दार लागताना खाली घासू लागले, अलाइनमेंट पुनःपुन्हा बिघडली, तर गाडी रॅम्पवर चढवून पाहावी.

येथेच फसगत होते. गंजलेल्या भोकावर पुट्टी भरून वर जाड काळा लेप दिला की तळ नवा दिसतो, भार मात्र पेलत नाही. खरे काम कष्टाचे आहे. चकाकता, निकोप पत्रा लागेपर्यंत गंजलेला भाग कापावा लागतो. तितक्याच जाडीचा नवा तुकडा घडवून सीओटू वेल्डिंगने जोडावा लागतो. गॅस वेल्डिंगची आच पातळ पत्रा वाकविते. रनिंग बोर्ड कापण्यापूर्वी गाडीस सर्व बाजूंनी आधार द्यावा, अन्यथा सांगाडा वाकडाच जोडला जाईल. बॅटरी सोडवावी. पेट्रोलची नळी तळाखालूनच जाते, तेव्हा ती व गालिचे दूर केल्यावाचून ठिणगी पडू देऊ नये. या बाबतीत कारागिराच्या हातसफाईवर विसंबणे म्हणजे निव्वळ धाडस होय. नंतर झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, पोकळीत मेणयुक्त फवारा. निचऱ्याची छिद्रे मोकळीच ठेवावीत.

एप्रन किंवा लोअर आर्मची जोडजागा कुजली असेल, तर ठिगळांचा मोह सोडावा. त्या जागी पत्रा फाटला तर चाकच डळमळते आणि आत घरची मुले बसलेली असतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढविता येते, परंतु कल्याणच्या आरटीओचा शिक्का पत्र्यास बळ देत नाही.

बिलात ‘वेल्डिंग व रंगकाम’ एवढेच लिहून घेऊ नये. कोणता भाग कापला, कोठे नवा पत्रा बसविला, हे नमूद असावे आणि प्रायमर लागण्यापूर्वी जोड स्वतः जाऊन पाहावा. ते बिल गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावे व गाडी विकण्याची वेळ आली की घेणाऱ्याच्या हाती द्यावे.