नाव तेच, डिस्क निराळी

मुलांचे फोटो, बँकेची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब असे सारे काही आता घरच्या संगणकातील हार्ड डिस्कवर असते. डिस्क कुरकुरू लागली की लोक दुकानात जातात आणि कंपनीचे नाव व क्षमता सांगून 'होती तशीच द्या' म्हणतात. दुकानदारही तशीच दिसणारी डिस्क काढून देतो. पण नाव आणि क्षमता तीच म्हणून आतली डिस्कही तीच, असे समजणे महागात पडू शकते.

वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्कचेच उदाहरण घ्या. एका पेटीत अनेक डिस्क एकत्र बसवून माहिती साठवणाऱ्यांसाठी ही डिस्क विकली जाते. ४ टेराबाइटच्या जुन्या डिस्कचा मॉडेल क्रमांक 'ईएफआरएक्स' या अक्षरांनी संपायचा, नव्या डिस्कचा 'ईएफएएक्स'ने. नवीत कॅशे मेमरी ६४ ऐवजी २५६ मेगाबाइट, म्हणजे कागदावर ती सरसच! मात्र तिची लिहिण्याची पद्धतच वेगळी होती. कंपनीने ही गोष्ट २०२० च्या एप्रिलमध्ये, ग्राहकांनी ओरड केल्यावर उघड केली.

जुन्या पद्धतीत माहितीच्या रेघा शेजारी शेजारी असतात. नव्या पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर पुढचीही उचलावी लागतात, तसेच येथे होते. एकदा ठेवलेले फोटो पाहण्यास अडचण नाही. परंतु पेटीतील एक डिस्क बंद पडून तिच्या जागी बसवलेली नवी डिस्क सलग भरायची वेळ आली, की काम रेंगाळते. तेवढ्यात आणखी एक डिस्क गेली, तर सगळ्याच माहितीवर पाणी सोडावे लागू शकते. त्याच वर्षी कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' हे वेगळे नाव दिले.

कधी मॉडेल क्रमांकही तोच असतो, बदलते ते फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारी आतील आज्ञावली. सीगेटच्या 'बॅराकुडा ७२००.११' या डिस्कपैकी 'एसडी १५'सारखे फर्मवेअर असलेल्या काही डिस्क संगणक सुरू करताना एकाएकी मुक्या होत. माहिती आत शाबूत, पण हाती लागत नसे. २००९ च्या जानेवारीत कंपनीने हा दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर दिले.

म्हणून खरेदीपूर्वी डिस्कवरील लेबल नीट वाचावे. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत टिपून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. फर्मवेअर व उत्पादनाची तारीख बहुधा लेबलवरच असते. डिस्क संगणकात बसवलेली असेल, तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम मॉडेल क्रमांक, फर्मवेअर आणि डिस्क किती तास चालली हे दाखवतो. जुनी डिस्क विकत घेताना हा तासांचा आकडा अवश्य पाहावा.

बंद पडलेल्या डिस्कला दुसऱ्या तशाच डिस्कचा सर्किट बोर्ड लावण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. आधुनिक डिस्कच्या बोर्डावर त्या एकाच डिस्कसाठी जुळवलेली माहिती असते. त्यामुळे बोर्ड हुबेहूब दिसला, तरी उपयोग होईलच असे नाही.

आणि डिस्क कितीही पारखून घेतली, तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवलेली बरी.