प्रकल्पाची पाने किती?

महाविद्यालयात प्रकल्पाचा विषय शिकवायला उभा राहिलो की पहिल्याच तासाला एक प्रश्न हमखास येतो : “सर, प्रकल्पाची पाने किती?” यावर आजची पिढी आळशी म्हणून कपाळाला हात लावण्याचा प्रघात आहे. मला तो प्रश्न रास्त वाटतो. ज्या मुलाला पहिल्या दिवशी गुणांची वाटणी, वहीच्या बांधणीचा रंग आणि हजेरीपटाप्रमाणे पाडलेले गट एवढेच दाखवले जाते, त्याने दुसरे विचारावे तरी काय?

वाचकहो, पुढे काय होते हे तुम्हीही जाणता. विकतच्या चकल्या आणाव्यात तसा तयार प्रकल्प बाजारातून घरी येतो, आणि त्याचे पैसे आईबापच मोजतात! हा बाजार मुलांनी उभारला नाही. त्याचा पाया त्या पहिल्या तासाला घातला जातो.

अमेरिकेतील किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प-पद्धतीवर निबंध लिहिला. त्यांचा सारा भर मनापासून, हेतू धरून केलेल्या कामावर होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. दोघांच्याही मते आधी काम, मग पुस्तक. आपण मात्र त्या कामाचीच फाईल केली.

माझ्या पहिल्या तासाला अभ्यासक्रमाचा कागद निघत नाही. वर्ग प्रयोगशाळेमागच्या गळक्या नळापाशी जातो. “थेंब मोजा,” एवढेच मी सांगतो. एकाचे मिनिटाला अठ्ठावन्न भरतात, दुसरीचे त्रेसष्ट. लगेच भांडण जुंपते. मग मोजपात्र येते. वीस थेंबांचा सुमारे एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला साठ थेंबांचा नळ दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी सांडतो. एवढ्यात कोणीतरी विचारतो, “पण सर, हा दुरुस्त कोण करायचा?” शिपाई म्हणतो, अर्ज द्या. अर्ज कोणाकडे, हे कोणालाच ठाऊक नसते. झाला प्रकल्प सुरू! पानांची आठवण त्या दिवशी कोणालाही होत नाही.

“असल्या खेळात अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा?” असे सहकारी विचारतात. अहो, तो छापील मिळतो. मुले घरी वाचतील. मात्र सत्तर मुलांना एका नळाशी कसे उभे करायचे, हा त्यांचा दुसरा आक्षेप खरा आहे. त्यावर माझे उत्तर इतकेच, की आपल्या महाविद्यालयांत गळक्या नळांची टंचाई नाही.