फलक कोणासाठी?

शाळेत प्रदर्शन भरले म्हणजे भिंती तक्त्यांनी व फलकांनी भरून जातात. हल्ली वर्गातील पडद्यावरही चित्रे व मजकूर दाखवतात. त्यामागे विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे केवढे परिश्रम असतात! तरी पुष्कळदा पाहणारा क्षणभर थांबतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. फलकावर काय सांगितले होते असे विचारले, तर त्यास एकही गोष्ट सांगता येत नाही. कडेची झालर, चमकी आणि सात रंगांची अक्षरे तेवढी त्याच्या ध्यानात राहतात. अशा फलकाला बक्षीस मिळाले तरी तो अयशस्वीच समजला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. फलकाचे पहिले काम समजावणे हे आहे, शोभणे त्यानंतरचे.

हा दोष बहुधा अतिउत्साहातून उद्भवतो. आपण जे जे जमवले, ते ते सारे मांडावे असा मोह होतो. पण काय मांडावे याइतकाच काय गाळावे याचाही विचार केला पाहिजे. याचे उत्तम उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशात सापडते. पूर्वीच्या नकाशांत मार्ग प्रत्यक्षात जसे वळतात तसेच काढण्याचा प्रयत्न असे. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची नावे दाटीवाटीने येत. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली निराळा विचार केला. गाडीत बसलेल्या माणसाला वळणे मोजायची नसतात. कोठे चढावे, कोठे गाडी बदलावी आणि कोठे उतरावे, एवढेच त्याला हवे असते. म्हणून त्याने सर्व मार्ग उभ्या, आडव्या व तिरप्या सरळ रेषांनी दाखवले, स्थानकांमधील अंतरे जवळजवळ सारखी केली आणि जमिनीवरील खुणांपैकी केवळ थेम्स नदी ठेवली. अधिकाऱ्यांनी प्रथम हा नकाशा नाकारला. परंतु १९३३ साली तो छापला गेला, तेव्हा प्रवाशांनी तो आनंदाने स्वीकारला.

मात्र गाळणे म्हणजे लपवणे नव्हे. बेकच्या नकाशावरून कोणी पायी चालण्याचे अंतर काढू लागला, तर त्याची फसगत होईल. ज्या हेतूने फलक काढायचा, त्याला आवश्यक असलेली गोष्ट कधीही गाळता कामा नये.

रंगांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची एक आकृती प्रसिद्ध केली. तीत टाळता येण्याजोग्या रोगांसाठी निळा, जखमांसाठी तांबडा आणि इतर कारणांसाठी काळा, असे तीनच रंग होते. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्या निळ्या भागाच्या विस्तारावरून पाहताक्षणी कळते. आकड्यांच्या लांबलचक कोष्टकांत हेच सत्य होते. पण राज्यकर्त्यांच्या नजरेत ते भरावे, म्हणून रंग योजले होते. एकही रंग शोभेसाठी नव्हता.

आपल्या देवनागरी लिपीत मात्रा व रफार अक्षराच्या वर, तर उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर न ठेवल्यास ती चिन्हे एकमेकांत गुंततात. काही जणांना तांबडा व हिरवा यांतील भेद ओळखू येत नाही. तेव्हा केवळ या दोन रंगांवर सारा अर्थ सोपवू नये.

फलक तयार झाला, की तो वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहावा. तेथे एखादा अधू दृष्टीचा विद्यार्थी बसलेला असतो. अक्षर दिसत नाही, हे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. तो गप्प राहतो आणि विषयच आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असे मानू लागतो. वस्तुतः दोष विषयाचा नसतो, त्याच्या बुद्धीचाही नसतो. तो फलकाचा असतो. त्या विद्यार्थ्याला जो फलक न विचारता कळेल, तोच मी उत्तम मानीन.