‘त्याग’ या शब्दाची मला चीड येते

सैनिकाच्या बायकोवरचं रील तुम्ही पाहिलेलं असणारच. मिरज जंक्शनचा फलाट, खांद्यावर बॅग घेतलेला जवान, पदराने डोळे पुसणारी बायको आणि मागे ‘बॉर्डर’ सिनेमातलं गाणं. खाली सॅल्यूटच्या रांगा आणि एक शब्द हमखास: त्याग.

मी त्या रीलमधली बायको आहे. कादंबऱ्याही लिहिते. माहेर सांगली जिल्ह्यात विट्याजवळ, सासर सातारा तालुक्यात. नवरा हवालदार. त्याच्या रजेचे अकरा दिवस उरलेत. मग तो युनिटला जाईल आणि तिथून उंचावरच्या पोस्टवर. कुठल्या, ते सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ‘त्याग’ या शब्दाने आमचा गौरव होत नाही, आमचं काम झाकलं जातं.

आधी काम सांगते. नवरा पोस्टवर जाणार म्हणजे आजच्या काळात सगळ्यात मोठी तयारी कुठली, माहितीय? ओटीपीची. बँक, गॅस, विमा, पोरीच्या शाळेचं ॲप, सगळीकडे त्याचा नंबर. जिथे तो जाणार तिथे रेंज असेल तर असेल. म्हणजे प्रत्येक ठिकाणी नंबर बदलायचा आणि प्रत्येक ठिकाणी नंबर बदलायला जुन्या नंबरावर ओटीपी येणार. गेले चार दिवस आम्ही नवरा-बायको एकमेकांना सहा-सहा आकडे वाचून दाखवतोय. विरहाचं गाणं यावर कुणी लिहिलेलं नाही.

मग बोअरची मोटर. सोसायटीचं कर्ज. उसाची तोड कधी येणार त्याचा पाठपुरावा. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बीपीच्या गोळ्या. आत्या लाडू वळतायत, चटणी कुटतायत. तो एक भाग तेवढा रीलमध्ये येतो. आणि एक निळी फाईल. तिच्यात नॉमिनीचे कागद आहेत: माझं नाव, आत्यांचं नाव, पुढे टक्के. रात्री पोरगी झोपल्यावर तो शांतपणे सांगतो, कुठला कागद कुठे लागेल. ‘कधी लागेल’ हे आम्ही दोघंही बोलत नाही.

यात लिखाण कुठे? पहाटे साडेचार ते सहा. तेही रजेच्या काळात मोडतं, कारण घरातला माणूस दोन महिने आलाय आणि बाई वही घेऊन बसलीय हे बरं दिसत नाही. बरं, मी लिहितेय ती कादंबरी गलाईवाल्यांवर आहे. एका संपादकांना सांगितलं तर म्हणाले, “ते ठेवा बाजूला, फौजीच्या बायकोचं लिहा. तुमच्याकडे मटेरियल आहे.” त्यांना हवं ते मला ठाऊक आहे. वाट, पत्र, तिरंगा. माझ्या ओटीपीचं मटेरियल त्यांना नको.

गलाईवाल्यांचंच सांगते. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलीत. तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठेही बाजारपेठेत जा, विट्याकडचा माणूस भेटेल. इकडे पाटण-जावळीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी. आमचे दोन्ही जिल्हे म्हणजे गेलेल्या पुरुषांचे जिल्हे. मागे शेत, जनावरं, म्हातारी माणसं, कर्ज हे सगळं बाईनेच ओढलं. माझ्या चुलतीने बावीस वर्षं ओढलं. तिला कुणी त्यागमूर्ती म्हटलं नाही, की सॅल्यूट ठोकला नाही. काम तेच, घर तेच. एकीला गाणं मिळालं, दुसरीला तेही नाही. आणि गाण्याने दोघींचंही वीजबिल भरलं गेलं नाही.

ही नजर जुनी आहे. आमच्या तालुक्यात अपशिंगे हे गाव आहे. गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांची आठवण गाव आजही सांगतं. महायुद्धात गावातून किती माणसं गेली, किती मेली, हे कोरलेल्या ब्रिटिशांच्या पाट्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. आकडे पुरुषांचे. तेवढी वर्षं नांगर कुणी धरला, सावकाराला तोंड कुणी दिलं, त्याची पाटी नाही.

कुणी म्हणेल, गलाईवाला आणि जवान यांत फरक आहे. इथे जिवाचा प्रश्न आहे. आहे ना. निळी फाईल माझ्याच कपाटात आहे. पण ती भीती माझी आहे, तुमच्या स्टेटसची नाही. आणि तुमच्या त्या शब्दाचा भरवसा तरी किती? 2024 मध्ये कीर्तिचक्र मिळालेल्या एका शहीद अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी वारसाचे नियम बदला अशी मागणी केली. दोन दिवसांपूर्वी ज्या पत्नीला पाहून देश रडला, तिलाच लोकांनी ‘पैसे घेऊन गेली’ म्हणून झोडपलं. त्यागमूर्ती केलेल्या बाईने हक्काचं काही घेतलं की ती लगेच लोभी ठरते. त्याग हा शब्द तेवढ्यासाठीच असतो: जिने त्याग केला तिने मागायचं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. दोन मुलांच्या आईने निवड पार केली, तरुण पोरांबरोबर प्रशिक्षण पूर्ण केलं. याला कर्तबगारी म्हणतात. आपण तिथेही डोळे पुसले आणि त्याग म्हणालो.

मग काय म्हणायचं? काही म्हणू नका, विचारा. तुमच्या गावात जवान रजेवर आला असेल तर विचारा, सातबाऱ्यावर वहिनींचं नाव आहे का? 1992 पासून राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. एका सरकारी कार्यालयात मी सलग तीन दिवस गेले, तिन्ही दिवस एकच प्रश्न: “मालक कुठं आहेत?” मालक सीमेवर जाणार आहेत, म्हणूनच मी आलेय. शेवटी आम्ही दोघं गेलो, अर्ज दिला. परवा पोच मिळाली. लाडवांच्या डब्यापेक्षा मला तो कागद मोलाचा वाटला.

आणि लेखक मित्रमैत्रिणींनो, विशेषतः पुरुषांनो: आमची वाट बघणारी नायिका आता पुरे. तिच्या हातात एकदा पासबुक द्या, बँकेच्या रांगेत उभी करा, मोटर जळाली म्हणून रात्री मिस्त्रीला फोन करू द्या. ती रडेल तेव्हा रडेल. तिला आधी सही करायची आहे.