एक गड, दोन पहारेकरी

दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येक घरात किल्ल्यांचा एक जुडगा सापडतो. त्यांतल्या निम्म्या किल्ल्यांची कुलुपे कोणालाच आठवत नाहीत, आणि तरीही त्या टाकवत नाहीत. मग तो जुडगा पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला जातो, पुढल्या दिवाळीपर्यंत. लोखंडी कुलुपाचा एक गुण मात्र वाखाणण्यासारखा असतो. समोर कोण उभा आहे याची ते विचारपूस करीत नाही. किल्ली असेल तर उघडते, नसेल तर राव आला काय आणि रंक आला काय, त्याला सारखेच.

जगात मनाईचा दुसराही एक प्रकार आहे. दारावर ‘आत येण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते आणि पाटीखाली स्टुलावर एक शिपाई बसलेला असतो. दार नुसते लोटलेले असते. शिपाई चहाला गेला की पाटी जागच्या जागी राहते आणि लोक आतबाहेर करू लागतात. तुमच्या घरातल्या संगणकावर तुम्ही जी बंधने घातली आहेत ती यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत? माझे सांगणे असे, की बहुतेक दुसऱ्या प्रकारची. आणि ज्या घरात एकाच संगणकावर दोन कारभार नांदतात, तेथे हे ध्यानात न घेऊन चालत नाही.

आम्हां माहूरच्या माणसांना हे समजायला फारसे जड जाऊ नये. रेणुकामातेच्या दर्शनाला येऊन तांबुलाचा प्रसाद घेतलेल्या वाचकांनी जवळचा माहूरगडही पाहिला असेल. महमूद गवानने बहमनी राज्यातल्या वऱ्हाड सुभ्याचे दोन भाग केले, तेव्हा एकाचे ठाणे गाविलगड होते आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे मोगल आले, मग निजाम आला आणि १९४८ साली तोही अंमल संपला. प्रत्येक वेळी तट तोच होता, दरवाजे तेच होते. बदलला तो पहारा. कालच्या धन्याने ‘अमक्याला आत सोडू नये’ म्हणून लिहून दिलेला हुकूम आजच्या पहारेकऱ्याच्या लेखी रद्दी! त्याला ती भाषा वाचता येवो वा न येवो, तो त्या धन्याचा चाकर नव्हे.

घरोघरच्या टेबलांवर आता असेच सत्तांतर चालू झाले आहे. विंडोज १० या आवृत्तीला कंपनीचे नित्याचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अकराव्या आवृत्तीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि आठ-दहा वर्षांचे कित्येक संगणक तेथेच अडतात. धडधाकट यंत्र भंगारात घालायचे कोणाच्या जिवावर येणार नाही? मग घरातला एखादा उत्साही तरुण जुने विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवून देतो. यंत्र सुरू करताना पाटी येते: इकडे जायचे की तिकडे? बिऱ्हाडे दोन, पण फडताळ एकच, म्हणजे आतली डिस्क.

आमच्या घरी हा उत्साही तरुण म्हणजे सौ.च्या बहिणीचा मुलगा. नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. सुटीत आला तो खिशात पेनड्राइव्ह घेऊनच. “काका, आधी नुसते चालवून दाखवतो. आवडले तरच बसवू,” म्हणाला. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले, देखणा पडदा आला, आणि त्याने सहज डाव्या बाजूच्या यादीतल्या एका ड्राइव्हवर टिचकी मारली. आमच्या विंडोजमधले सगळे कप्पे समोर मांडले गेले. माझ्या प्रश्नपत्रिका, कन्येच्या कविता आणि सौ.ची ‘गट’ नावाची फाइल. विंडोजमध्ये त्या फाइलीला तिच्या स्वतःच्या खात्याचा बंदोबस्त होता. माझ्या खात्यातून ती मलासुद्धा उघडत नसे. येथे मात्र ना पासवर्ड, ना हरकत.

“थांब रे, ते उघडू नकोस,” सौ. म्हणाली.

“अगं मावशी, मी काय वाचणार आहे का? माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण त्या बाराजणींनी विश्वास माझ्यावर टाकलाय. तुझ्यावर नाही.”

पोराने हात मागे घेतला. मी मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर पोट भरणारा. पण या विषयावर याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. त्या परंपरेतलाच सौ.चा हा बारा बायकांचा गट. कोणी मुलीच्या लग्नाला उचल घेतली, कोणाचे तीन हप्ते थकले, कोणी नवऱ्याला न सांगता पैसे ठेवले, सारे त्या फाइलीत. आमच्या माहुरात सकाळी बसस्टँडवर बोललेले दुपारी देवीच्या पायऱ्यांवर ऐकू येते. ती फाइल आमच्या घरात असली, तरी आमच्या घरची नाही.

मग हा बंदोबस्त गेला कोठे? तो कोठेही गेला नाही, आणि गंमत तेथेच आहे. विंडोज आपल्या ड्राइव्हची मांडणी एनटीएफएस नावाच्या पद्धतीने करते. ही पद्धत १९९३ साली आली. तीत प्रत्येक फाइलीबरोबर एक यादी नोंदलेली असते: अमक्याने वाचावे, तमक्याने लिहावे, फलाण्याने फिरकू नये. यादीतली माणसे नावाने नव्हे, विंडोजने दिलेल्या लांबलचक क्रमांकांनी ओळखली जातात. ती यादी सौ.च्या फाइलीवर तेव्हाही जशीच्या तशी होती. पण ती अमलात आणणारे विंडोज त्या वेळी जागे नव्हते. लिनक्सला ड्राइव्ह वाचता येतो. त्या यादीतले क्रमांक त्याच्या ओळखीचे नाहीत. म्हणून तो सामान्यतः असे धरून चालतो, की ज्याने ड्राइव्ह उघडला तोच आतल्या सगळ्याचा मालक.

ड्राइव्ह उघडून वापरात आणण्याला या मंडळींत ‘माउंट करणे’ म्हणतात. इंग्रजीत माउंट म्हणजे डोंगरही. तीन शिखरांच्या गावाला हा शब्द परका वाटू नये. पण येथे अर्थ ‘चढवणे’ असा आहे. एके काळी तबकड्यांची जडशीळ चळत हाताने उचलून यंत्रावर चढवावी लागे, तेव्हाचा तो शब्द. बंदोबस्त करायचा तो या चढवण्याच्या क्षणी.

लिनक्समध्ये ‘एफस्टॅब’ नावाची एक लहानशी फाइल असते. कोणता ड्राइव्ह कोठे चढवायचा आणि कोणत्या अटींवर, हे तीत एकेका ओळीत लिहितात. ‘नोऑटो’ लिहिले, तर यंत्र सुरू होताना तो ड्राइव्ह आपण होऊन चढत नाही. ‘यूआयडी’ने मालक कोण ते ठरते. आणि ‘यूमास्क’ या शब्दापुढे तीन आकडे येतात: पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकीच्या जगाचा. हिशेब सोपा आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. फोल्डर असेल तर हा १ म्हणजे आत शिरण्याची मुभा. तिन्हींची बेरीज ७. यूमास्क म्हणजे काढून घ्यायचे हक्क. ‘०७७’ लिहिले, की मालकाचे काही काढले नाही. गटाचे आणि जगाचे सगळे काढले. विंडोजचा ड्राइव्ह असा चढवला, की त्यातल्या एकेका फाइलीला वेगळा नियम लावता येत नाही बहुधा; अख्ख्या कप्प्याला एकच हुकूम. म्हणून वेगवेगळ्या माणसांच्या चिजा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्यात, हे बरे.

पण यातली मेख अशी, की ही फाइल व्यवस्थापकाला केव्हाही बदलता येते. लिनक्स बसवताना जे पहिले खाते निर्माण होते, त्याच्याकडे बहुधा व्यवस्थापकाचे अधिकार असतात. सारे घर त्याच एका खात्यातून वावरू लागले, तर वरचा सगळा खटाटोप फुकट. ज्याचे त्याला खाते द्यावे, साधे द्यावे, आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड एकदोघांपाशीच असावा. पूर्वी कोठीच्या खोलीची किल्ली एकट्या आजीच्या कमरेला असे, ते काही उगीच नव्हे.

आता उलट बाजू. विंडोजला लिनक्सचा ड्राइव्ह मुळात वाचताच येत नाही, वेगळी तजवीज केल्याखेरीज. हे ऐकून निर्धास्त होऊ नये. कधी कधी विंडोज त्या अनोळखी कप्प्याकडे पाहते आणि मोठ्या अदबीने विचारते, “हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायचा का?” घाईत कोणी पुढच्या दोन प्रश्नांना हो म्हटले, की लिनक्समधला संसार पुसला गेला म्हणून समजा. अशा वेळी ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन त्या कप्प्याला मिळालेले अक्षर काढून टाकावे. कप्पा राहतो, प्रश्न येत नाही. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ड्राइव्ह नजरेआड करण्याचीही सोय आहे. पण नजरेआड म्हणजे कुलूपबंद नव्हे. यादीतून नाव गेले तरी ज्याला पत्ता ठाऊक आहे, तो पत्ता टाइप करून दारात पोहोचतोच.

आणखी एक बारकी गोष्ट. दत्तप्रभूंनी स्नान काशीस करावे, भिक्षा कोल्हापुरी मागावी आणि निद्रेला माहुरी यावे, अशी आपली श्रद्धा आहे. माहूरची झोप गाढ. विंडोजची तशी नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर यंत्र बंद केले तरी विंडोज अर्धवट जागे राहते आणि डिस्कवर आपला धागा अडकवून ठेवते. लिनक्सला ते कळते आणि शहाणा पहारेकरी नुसते वाचू देतो, लिहू देत नाही. दोन बिऱ्हाडे एका फडताळावर नांदवायची असतील, तर ही सोय बंद करून ठेवावी.

एवढे केल्यावर घर सुरक्षित झाले का? भाच्याच्या पेनड्राइव्हची आठवण ठेवा. तो तर तिसराच पहारेकरी. तो खिशातून येतो आणि आधीच्या दोघांनाही झोपेतून न उठवता दार उघडतो. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होऊ नये म्हणून पासवर्ड घालता येतो, आणि तो घालावाही. पण डिस्कच काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर काय?

ही पळवाट संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ साली अनेकांनी एकच यंत्र वाटून वापरण्याची व्यवस्था उभी राहिली आणि तिच्यासाठी पासवर्ड आले. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तेथल्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला आठवड्याचा वेळ पुरेना. त्याने कुलूप फोडले नाही. छिद्रे पाडलेल्या एका कार्डावर ‘पासवर्डची फाइल छापून द्यावी’ अशी विनंती यंत्राला केली, आणि यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! दारावर पहारा होता. छपाईच्या खिडकीवर नव्हता.

यावर उपाय एकच, तो म्हणजे पहारेकऱ्याऐवजी खरे कुलूप. मजकूरच अशा गुप्त लिपीत ठेवायचा, की किल्लीवाचून तो कोणालाही निरर्थक अक्षरांचा ढीग दिसावा. विंडोजमध्ये यासाठी बिटलॉकर आहे, लिनक्समध्ये लक्स आहे. दोन्हीकडून उघडायचे असेल तर व्हेराक्रिप्टची पेटी सोयीची. या कुलुपाला राजवट कोणती चालू आहे याच्याशी कर्तव्य नसते. किल्ली नाही तर आत प्रवेश नाही. त्याची निष्ठुरताही तशीच. किल्ली हरवली तर चावीवाला बोलावून भागत नाही. बिटलॉकरची सुटकेची किल्ली ४८ आकड्यांची असते. लिनक्स बसवण्यापूर्वी आपल्या यंत्रात बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे, आणि असल्यास ते आकडे कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावेत; संगणकात नव्हे.

आमच्याकडे अखेर लिनक्स बसले. सौ.चा गट व्हेराक्रिप्टच्या पेटीत गेला. पासवर्ड तिला ठाऊक आहे, आणि गटाच्या दुसऱ्या पदाधिकारी बाईंकडे तो बंद पाकिटात आहे. मला ठाऊक नाही. माझ्या प्रश्नपत्रिकांची वेगळी पेटी आहे. परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८२ पासून आहे, पण कायदा फुटल्यानंतर धावतो, पेटी आधी. कन्येने आपल्या कवितांना तिसरी पेटी मागितली तेव्हा भाचा हसला. तिची आई हसली नाही. तिने ती करून द्यायला लावली.

घरात कुलपे वाढली म्हणजे माया आटली, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. मला तसे वाटत नाही. चार भिंतींच्या आत प्रत्येकापाशी थोडे दुसऱ्याचे काहीतरी असते: कोणाचे पैसे, कोणाचे गुण, कोणाचे मन. ते ज्याने सोपवले त्याने आपल्याला विचारून सोपवले. घरातल्या इतरांना विचारून नव्हे. तेव्हा या दिवाळीत फराळ झाला, फटाके वाजून झाले, की घरातल्या तरुणाला शेजारी बसवून एवढेच विचारा: “आपले विंडोज झोपलेले असताना आपल्या फाइली कोण राखतो?” उत्तर मिळेपर्यंत त्याला चकलीचा दुसरा घाणा देऊ नका!